सूत कातणारी नदी

छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, पाणचक्की तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिली असेल. पडत्या पाण्याने चाक फिरे, चाकाबरोबर जाते फिरे आणि दाणे दळले जात. आता अशी कल्पना करा की, जात्याच्या जागी अनेक मजल्यांची एक सूतगिरणी आहे आणि तिची सारी यंत्रे नदीच्या पाण्यावर चालली आहेत. अशी गिरणी खरोखरच होती आणि तिची इमारत आजही उभी आहे.

इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या दक्षिणेस स्टायल नावाचे गाव आहे. तेथे बॉलिन नदीच्या काठी सॅम्युएल ग्रेग या व्यापाऱ्याने १७८४ मध्ये क्वॉरी बँक ही सूतगिरणी उभारली. रिचर्ड आर्कराइट यांनी १७६९ मध्ये पेटंट घेतलेले सूतकताईचे यंत्र हाताने चालवणे परवडणारे नव्हते. त्याला पाण्याचे बळ लागे, म्हणून त्याचे नावच 'वॉटर फ्रेम' पडले. साहजिकच गिरण्या शहर सोडून नदीकाठी गेल्या.

पण बॉलिन ही काही धबधब्याची नदी नव्हे. मग पाणी उंचावरून पडणार कसे? येथे अभियंत्यांनी एक युक्ती योजली. नदी थोडथोडी उतरत जाते. वरच्या बाजूला बंधारा घालून पाणी अडवले आणि ते पाटाने गिरणीपर्यंत आणले. चाकासाठी खोल खड्डा खणला, तोही नदीच्या पात्राच्या पातळीहून खाली. चाकावरून उतरलेले पाणी बोगद्याने दूर नेऊन, जेथे नदी तितकीच खाली उतरलेली आहे तेथे तिला परत मिळवले. म्हणजे लांबवर विखुरलेला उतार एकाच जागी गोळा केला.

१८२० च्या सुमारास येथे थॉमस ह्यूज यांनी बांधलेले लोखंडी महाचक्र बसले. त्याचा व्यास ३२ फूट (९.७५ मीटर) आणि रुंदी २१ फूट (६.४ मीटर) होती. शक्ती सुमारे १०० अश्वशक्ती मिळे. हा आकडा पटतो का, ते पाहू. समजा, सेकंदाला १ घनमीटर, म्हणजे १,००० किलोग्रॅम पाणी ९ मीटर खाली उतरते. मग दर सेकंदाला १,००० × ९.८ × ९ = ८८,२०० जूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. चाकाची कार्यक्षमता शेकडा ७० धरली, तर सुमारे ६१,७०० वॅट, म्हणजे जवळजवळ ८३ अश्वशक्ती हाती येते. तेव्हा १०० अश्वशक्तीसाठी सेकंदाला सव्वा घनमीटरच्या आसपास पाणी पुरे.

पाणी चाकाच्या कप्प्यांत वरच्या अंगाने का भरायचे? खालून वाहत्या प्रवाहात पाती बुडवली तर चालणार नाही का? जॉन स्मीटन यांनी लहान प्रतिकृतींवर प्रयोग करून १७५९ मध्ये याचे उत्तर दिले. प्रवाहाच्या धडकेने फिरणारे चाक पाण्याच्या ऊर्जेचा जेमतेम एक-तृतीयांश भाग वापरते. वरून भरणारे चाक दोन-तृतीयांश भाग वापरते. धडकेत पाणी उसळते, भोवरे होतात आणि ऊर्जा वाया जाते. कप्प्यात बसलेले पाणी मात्र आपल्या वजनाने शांतपणे चाक ओढत खाली येते.

ह्यूज यांच्या चाकात आणखी एक खुबी होती. शक्ती मधल्या आसातून न घेता परिघावर बसवलेल्या दात्यांतून घेतली जाई. त्यामुळे आसाला व आऱ्यांना पीळ सोसावा लागत नसे. सायकलच्या चाकासारखे बारीक, ताणलेले लोखंडी गज आऱ्यांचे काम करीत.

उन्हाळ्यात नदी आटे. म्हणून १८१० मध्येच जोडीला वाफेचे इंजिन आले होते. १९०४ मध्ये महाचक्राची जागा टर्बाइनांनी घेतली. मुंबईत १८५४ मध्ये पहिली सूतगिरणी स्थापन झाली, तोवर वाफेचे युग आलेले होते.

यंत्रांना बळ नदीने दिले, पण तुटलेले धागे जोडायला माणसेच लागत आणि त्यांत मुले पुष्कळ होती. अनाथ व गरीब मुलांसाठी ग्रेग यांनी १७९० मध्ये वसतिगृह बांधले. तेथे एका वेळी नव्वदच्या आसपास मुले राहत आणि दिवसाला बारा-बारा तास काम करीत. १८०६ मध्ये थॉमस प्रीस्टली हा तेरा वर्षांचा मुलगा एका मित्राबरोबर पळाला आणि आईला भेटायला पायी लंडनला गेला. यंत्रात सापडून त्याचे एक बोट गेले होते. न्यायाधीशांपुढे त्याने दिलेली जबानी आजही उपलब्ध आहे. शिवाय ग्रेग कुटुंबाचे वेस्ट इंडीजमध्ये मळे होते आणि तेथे गुलाम राबत. म्हणून गिरणीचा इतिहास सांगताना नुसते चाकाचे कौतुक करून भागत नाही.

१९३९ मध्ये ग्रेग यांच्या वंशजांनी ही मालमत्ता नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवाली केली. व्यापारी उत्पादन १९५९ मध्ये थांबले आणि १९७८ मध्ये संग्रहालय उघडले. पण चाकाच्या खड्ड्यात चाकच नव्हते! तेव्हा यॉर्कशायरमधील दुसऱ्या एका गिरणीचे जुने लोखंडी चाक आणून, दुरुस्त करून, १९८० च्या दशकात तेथे बसवले व फिरते केले. ते मूळ चाकाहून लहान आहे. मग हे जतन खरे की खोटे? चाक बाहेरचे आहे, हे पाहणाऱ्याला स्पष्ट सांगितले, तर फसवणूक होत नाही. उलट, बंद चाकाच्या चित्रावरून जे कळत नाही, ते फिरत्या चाकाशेजारी उभे राहताच कळते. पाण्याचा आवाज, जमिनीची थरथर आणि त्या गोंगाटात दिवसभर उभे राहणारे मूल, हे सारे तेथे डोळ्यांपुढे येते.

तुमच्या गावाजवळ बंधारा असेल, तर शिक्षकांसोबत तेथे जा. पाणी किती मीटर पडते आणि सेकंदाला किती वाहते, याचा अंदाज घ्या व वरील गणित मांडा. तुमची नदी किती अश्वशक्तीची आहे, ते तुम्हांलाच काढता येईल.