सरखेलांच्या राजधानीत एक दिवस

नागोठणे आणि रोहा यांच्या मधोमध निडी हे लहानसे रेल्वे स्टेशन आहे. इथल्या माणसाला अलिबागला जायचे असेल तर गाडी पेणपर्यंतच साथ देते. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रवासी रेल्वे नाही. पेणला उतरायचे, एसटी पकडायची, वडखळला महामार्ग सोडायचा आणि पोयनाड, कार्लेखिंड करत तीसेक किलोमीटर जायचे. पिशवीत सातबारा, दाखल्याचा अर्ज किंवा कोर्टाची तारीख लिहिलेला कागद. काम झाले की स्टँडवर चहा आणि परतीची गाडी. पेण-रोह्याकडच्या कितीतरी घरांतली माणसे अशी वर्षानुवर्षे अलिबागला जाऊन आली आहेत, आणि शहर पाहायचे मात्र राहून गेले आहे.

जिथे ती कागदांसाठी जातात, ती एके काळची राजधानी आहे. कुलाबा संस्थानाचा कारभार इथून चाले, आंग्र्यांचे आरमार इथून समुद्रावर उतरे. इंग्रजांनी पुढे जिल्हा केला तेव्हा त्यालाही 'कुलाबा' हेच नाव राहिले. १ जानेवारी १९८१ रोजी त्याचे 'रायगड' झाले. कामाच्या दिवसाला एक दिवस जोडला, तर हे सारे पायी आणि एसटीने बघून होते.

सुरुवात पंचांगापासून करावी. कुलाबा किल्ला समुद्रात आहे आणि ओहोटीला पायी जाता येते. कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती असते आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे भर दुपारी ओहोटी. मात्र अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी फारसे मागे हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ते खूप आत जाते, पण परत येतानाही तितक्याच जोराने येते. म्हणून ओहोटी पूर्ण होण्याआधीच चालायला लागावे आणि पाणी फिरल्याचे दिसताच किल्ला सोडावा. किनाऱ्यावर घोडागाड्या मिळतात, आणि पाणी कुठवर आहे हे गाडीवाल्यांना नेमके ठाऊक असते.

हा किल्ला शिवाजी महाराजांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, १६८० मध्ये बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. तटाजवळ गेल्यावर चिऱ्यांचे सांधे जरूर पाहावेत. मोठमोठे दगड चुन्याशिवाय एकमेकांवर बसवलेले आहेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरते, तिथेच त्याचा जोर मोडतो आणि ते बाहेर येते. सव्वातीनशेहून अधिक पावसाळे हा तट असा उभा आहे. आत सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. राघोजी आंग्रे यांनी ते १७५९ मध्ये बांधले. जवळ पुष्करणी आहे, देवीची ठाणी आहेत, एक दर्गा आहे, आणि चारी बाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याची विहीरही आहे. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन तोफा दिसतात. त्या इंग्रजी बनावटीच्या आहेत, यॉर्कशायरमधल्या लो मूर या लोखंडाच्या कारखान्यातल्या. किल्ल्याला लागूनच सर्जेकोट हा छोटा जोडकिल्ला आहे.

किल्ला महाराजांचा, पण त्याची राजधानी झाली ती कान्होजी आंग्र्यांमुळे. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांच्या बाजूला आले. सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, हा किताब आणि किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडे राहिले. त्यांचा नियम स्पष्ट होता: या पाण्यातून व्यापारी जहाज न्यायचे तर सरखेलांचा दस्तक घ्यावा. पोर्तुगीज दोनशे वर्षे या समुद्रावर आपले परवाने विकत होते आणि त्याला ते कायदा म्हणत. तेच काम इथल्या माणसाने इथल्या राजाच्या नावाने सुरू केले तेव्हा युरोपीय कागदांत त्याला 'चाचा' ठरवण्यात आले. क्लेमंट डाउनिंग या इंग्रज खलाशाने १७३७ मध्ये छापलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच आंग्र्यांना चाचे म्हटले आहे. आपल्याकडच्या काही लिखाणातही हा शब्द विचार न करता उचलला गेला, आणि तो सोडून द्यायला हवा. छत्रपतींनी नेमलेला अधिकारी आपल्या राज्याच्या पाण्यावर जकात घेत होता. त्याला चाचेगिरी म्हणता येत नाही.

१७२१ मध्ये मुंबईचे इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले. इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजे घेऊन आलेला कमोडोर मॅथ्यूज त्यांच्यासोबत होता. स्वारी फसली. बाजीराव पेशवे मदतीला पोहोचले, पोर्तुगिजांनी वेगळा तह केला आणि इंग्रज हात हलवत परतले.

किनाऱ्यावर परत आले की हिराकोट लागतो. काळ्या दगडांचा हा भुईकोट कान्होजींनी १७२० मध्ये बांधला. पुढे त्याचे कारागृह झाले, म्हणून तो बाहेरूनच पाहायचा. तिथून गावात शिरले की छत्रीबागेत कान्होजींची समाधी आहे. ४ जुलै १७२९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे मुलांत फूट पडली: मानाजी कुलाब्याला, संभाजी सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडे. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रजांनी मिळून विजयदुर्गावर त्यांच्यातल्याच तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले. कुलाब्याची गादी त्यानंतरही टिकली. १८३८ मध्ये दुसरे राघोजी वारले, त्यांचा लहान मुलगा पुढच्याच वर्षी गेला, दत्तक नाकारण्यात आला आणि १८४० मध्ये कंपनीने संस्थान खालसा केले. डलहौसी गव्हर्नर जनरल होऊन यायला तेव्हा अजून आठ वर्षे होती. सातारा, झाशी आणि नागपूरची गोष्ट शाळेत सगळे शिकतात. तीच गोष्ट त्याआधी अलिबागेत घडून गेली होती.

समाधीपासून चालत इस्राएल आळीत यावे. इथे मागेन अबोथ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर आहे. मूळ बांधकाम १८४८ चे, आजची वास्तू १९१० ची. बेने इस्राएली समाज सांगत आलेल्या कथेप्रमाणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नवगावजवळ त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना जिथे पुरले, ती नवगावची जागा आजही हा समाज पवित्र मानतो. वाचलेल्यांनी कुलाब्याच्या गावागावांत तेलाचे घाणे घातले. शनिवारी ते घाणा जुंपत नसत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले.

या समाजाची आडनावे वाचली की पेण-रोह्याच्या माणसाला आपल्याच भागाचा नकाशा दिसतो: पेणकर, रोहेकर, नागावकर, चेऊलकर, किहीमकर. बोली मराठी, घरातल्या बायकांचे लुगडे मराठी. शुभकार्याला एलियाहू हनाबी या पैगंबराच्या नावाने 'मलिदा' होतो. त्यात भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ किंवा साखर, वर खजूर आणि फळे असतात. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावर उमटलेली खूण ही त्याच पैगंबराच्या रथाची खूण मानतात. शहराच्या नावामागेही अशीच कथा आहे: अली नावाचा एक धनवान बेने इस्राएली होता, त्याने विहिरी खोदल्या, बागा लावल्या, आणि अलीची बाग ती अलिबाग. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. जाताना त्यांनी भाषा सोडली नाही. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तिकडे चालवले.

समुद्राच्या जवळ एक आवार आहे. त्याच्या जागतिक महत्त्वाची कल्पना अलिबागबाहेर फार थोड्यांना असते: चुंबकीय वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातला बारीकसारीक बदल इथे १९०४ पासून नोंदवला जातो. त्याआधी हे काम मुंबईच्या कुलाब्याला चाले. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेले प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले, तारायंत्रे बंद पडली आणि कॅरिबियन समुद्रातल्या क्युबामध्येसुद्धा ध्रुवीय प्रकाश दिसला. त्या वादळाची मुंबईत झालेली नोंद शास्त्रज्ञ आजही अभ्यासतात. पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने उपकरणे बिघडली असती, म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात अलिबागची जागा निवडली गेली. लोखंड टाळून इमारत उभारली आणि दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केले, म्हणजे जुनी आणि नवी नोंद एकमेकींना जुळेल. ट्राम १९०७ मध्ये धावली. तोवर वेधशाळेचा मुक्काम अलिबागला पक्का झाला होता. ही काम करणारी संस्था आहे, आत जायचे तर आधी परवानगी काढावी.

जेवणाला जिताडा हा मासा मिळाला तर तो चुकवू नये. खारेपाटात जावयाला जिताडा वाढणे हा मान समजतात. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते: मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, अंडी, कोंबडी, तोंडाशी पुन्हा पाला, मग मडके उपडे करून भोवती जाळ. पाणी नाही, तेल नाही. निडी-रोह्याच्या शिवारातही ती लागते, तेव्हा पाहुण्याने आपली आणि अलिबागची चव ताडून पाहावी. उन्हाळ्याच्या तोंडावर कार्लेखिंडीच्या परिसरात पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर कार्ले, खंडाळे, वाडगाव, सागाव या गावांत हा कांदा होतो. तिखटपणा कमी, गोडसर चव. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये त्याचा उल्लेख आहे. खरा अलिबागी कांदा हवा असेल तर माळेतलाच घ्यावा.

याच भाताच्या शेतांनी एक मोठा लढाही पाहिला आहे. पोयनाडच्या बाजूला चरी नावाचे गाव आहे. खोत पिकाचा मोठा हिस्सा उचलत, म्हणून २७ ऑक्टोबर १९३३ रोजी इथल्या कुळांनी जमिनी न कसण्याचे ठरवले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. शेते सुमारे सहा वर्षे ओस राहिली. माणसांनी लाकडे विकली, मिळेल ते काम केले, पण नांगर धरला नाही. कुळांना कायद्याने हक्क मिळाले त्यामागे या संपाचे बळ होते. १९३७ मध्ये नारायण नागूंनी सुरू केलेले 'कृषीवल' हे वृत्तपत्र अलिबागेत पुढेही निघत राहिले. एसटी पोयनाड सोडून पुढे जाते तेव्हा खिडकीबाहेरची ती भाताची खाचरे एकदा नीट पाहावीत.

परतताना आल्या वाटेने पेणला न जाता दक्षिणेची एसटी धरावी. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा: दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या. चौल हे प्राचीन बंदर. रशियन प्रवासी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात भारतात उतरला तो इथेच. रेवदंड्याला पोर्तुगिजांचा कोट आणि सातखणी मनोरा उभा आहे, त्याचे आता थोडेच मजले शिल्लक आहेत. खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर आणि त्यावरचा किल्ला. १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज निघून गेले, पण कोर्लई गावात त्यांची भाषा राहिली. मराठीत मुरलेली पोर्तुगीज, तिला गावकरी 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. सुमारे हजारभर ख्रिस्ती माणसे ती घरात बोलतात आणि उंबऱ्याबाहेर मराठी.

असेच एक शहर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आहे. कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव बेटाची राजधानी विलेमस्टाड. तिथे बंदराच्या तोंडाशी किल्ला आहे, १७३२ पासून प्रार्थना चालू असलेले सिनेगॉग आहे, आणि पोर्तुगिजांशी नाते सांगणारी पापियामेंतू ही मिश्र बोली आहे. तिथे पापियामेंतू शाळेत शिकवतात, तिच्यात वर्तमानपत्रे निघतात, ती बेटाची अधिकृत भाषा आहे, आणि १९९७ पासून ते शहर जागतिक वारसा यादीत आहे. जगभरचे पर्यटक बोटीने उतरतात आणि हातात नकाशा घेऊन गल्ल्या पाहतात. किल्ला, सिनेगॉग आणि बोली ही तिन्ही आपल्या जिल्ह्यात एका दिवसाच्या अंतरावर आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठा किल्ल्यांची मालिका याच यादीत गेली, तिच्यात अलिबागसमोरचा खांदेरी आहे. कोर्लईच्या बोलीला मात्र अजून शाळेत जागा नाही.

रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडला की उजवीकडे कोर्लईचा दीपगृहाचा डोंगर, डावीकडे खाडी. ही खाडी म्हणजे कुंडलिका, रोहा आणि अष्टमी यांच्या मधून वाहणारी तीच नदी. पुढे चणेरामार्गे रस्ता रोह्याकडे जातो, आणि रोह्याहून निडी हे पुढचेच स्टेशन आहे.