शंभर रुपयांतले साडेचार

लक्ष्मीपूजनाला जुन्या जालन्यातल्या किराणा दुकानांत नव्या वह्यांची पूजा होते. त्या वहीत एक आकडा मात्र सहसा कुठेच लिहिलेला नसतो, तो म्हणजे दुकानाचं भाडं. वाड्याचा तळमजला वडिलोपार्जित, गल्ल्यावर घरचाच माणूस आणि माल चढवायला पोरं. मग महिन्याअखेर जे उरतं, तो सगळा नफा वाटतो. वास्तविक तोच गाळा दुसऱ्याला दिला असता तर भाडं आलं असतं आणि मुलगा दुसरीकडे कामाला गेला असता तर पगार आला असता. हे दोन्ही वजा केल्यावर जे उरेल, तेवढीच दुकानाची खरी कमाई.

किराण्याची मोठी कंपनी जोखायची तर हीच कसोटी उपयोगी पडते. त्यासाठी ‘डीमार्ट’ चालवणाऱ्या अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्सचे ताळेबंद पाहू. शेअरबाजारातले मुरब्बी गुंतवणूकदार राधाकिशन दमाणी यांनी 2002 मध्ये मुंबईत पवईला पहिलं दुकान उघडलं. मार्च 2017 मध्ये कंपनीचा शेअर 299 रुपयांना विक्रीला आला आणि नोंदणीच्या पहिल्याच दिवशी दुपटीवर गेला. त्या आर्थिक वर्षाअखेर कंपनीची 131 दुकानं होती. मार्च 2025 अखेर ती 415 झाली आणि वर्षाची विक्री 11,898 कोटींवरून 59,358 कोटी रुपयांवर, म्हणजे जवळपास पाचपट झाली.

शंभराची फोड

2024-25 मध्ये गिऱ्हाइकाने दिलेल्या शंभर रुपयांतले सुमारे 85 मालाच्या खरेदीतच गेले. उरलेल्या पंधरांपैकी निम्मे पगार, वीज, वाहतूक अशा रोजच्या खर्चात संपले. घसारा, व्याज आणि कर मिळून आणखी तीन रुपये गेले. हाती आले 4 रुपये 60 पैसे, एकूण 2,707 कोटी.

पोलाद किंवा औषधांच्या धंद्यातल्या माणसाला हे आकडे किरकोळ वाटतील. पण वॉलमार्टसारख्या जगातल्या सर्वांत मोठ्या विक्रेत्याच्या हाती 2023-24 च्या वर्षात शंभरातले अडीचही उरले नव्हते. किराण्यात मार्जिन पातळच असतं. कमाई ठरते ती माल किती वेळा फिरतो यावर. समजा, एका दुकानाला एका फेरीत आठ टक्के सुटतात आणि माल वर्षात तीनदा फिरतो. तर मालात घातलेल्या शंभरावर चोवीस मिळतात. दुसऱ्याला तीनच टक्के सुटतात, पण माल बारा वेळा फिरतो. त्याला छत्तीस मिळतात. स्वस्त विकणाराच जास्त कमावतो, तो असा.

डीमार्टमध्ये साधारण महिनाभराचाच माल असतो. पुरवठादाराचे पैसे आठवडा-दहा दिवसांत चुकते होतात आणि त्या बदल्यात खरेदीत जादा सूट मिळते. होलसेलवाल्याकडे रोखीने उचल करणाऱ्या दुकानदाराला हे गणित वेगळं सांगायला नको. डाळ-तांदूळ-तेलावर गिऱ्हाईक दारात येतं. कपडे, भांडी, प्लॅस्टिकच्या डब्यांवर मार्जिन सुटतं. विक्रीतला हा दुसरा भाग पाव हिश्शाहूनही कमी आहे, पण नफ्याला आधार त्याचाच. 2024-25 मध्ये वर्षभराच्या हिशेबाने एका चौरस फुटावर 35,706 रुपयांची विक्री झाली, ती या सगळ्या जुळणीतून.

जागेचं भाडं कोण मोजतो?

भारतात मोठ्या किराणा साखळ्या बुडाल्या, त्या गिऱ्हाईक नव्हतं म्हणून नव्हे. चेन्नईच्या ‘सुभिक्षा’ने देशभर दीड हजारांवर दुकानं उघडली आणि 2009 च्या सुरुवातीला रोकड आटल्याने ती बंद पडली. 2001 मध्ये सुरू झालेल्या ‘बिग बझार’चं नाव घरोघरी पोचलं होतं, तरी ती चालवणारी फ्यूचर रिटेल 2022 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कर्जाचा आणि थकलेल्या भाड्यांचा बोजा तिला पेलला नाही. डीमार्टने शक्य तिथे जागा विकत घेतल्या किंवा दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर घेतल्या. त्यामुळे दुकानं हळू वाढली, पण मंदीच्या महिन्यात भाड्याची तलवार डोक्यावर राहिली नाही.

मात्र मालकीची जागा फुकट नसते. भाडं वाचल्याने शंभरातले साडेचार दिसतात, पण त्यासाठी भागधारकांचा पैसा जमिनीत आणि इमारतीत अडकलेला असतो. म्हणून विक्रीवरच्या नफ्याइतकाच भांडवलावरचा परतावा पाहायला हवा. तो 2024-25 मध्ये सुमारे 13 टक्के होता. परतावा चांगला आहे, पण विलक्षण नाही. असं असूनही 2025 मध्ये बाजार या कंपनीला वार्षिक नफ्याच्या ऐंशीपटीहून अधिक किंमत देत होता. दुकान उत्तम चालतं, हे एक विधान आणि दुकान त्या किमतीला घेण्याजोगं आहे, हे दुसरं. पहिलं सिद्ध झालं म्हणून दुसरं आपोआप सिद्ध होत नाही.

घरपोच मालाचा भुर्दंड

ताळेबंदातली आणखी एक जागा तपासण्यासारखी आहे. 2024-25 मध्ये एकट्या मूळ कंपनीचा नफा 2,927 कोटी होता. उपकंपन्या धरून तो 2,707 कोटींवर आला. मधले 220 कोटी गेले ते मुख्यतः ‘डीमार्ट रेडी’ या ऑनलाइन धंद्याच्या तोट्यात. आदल्या वर्षी हीच तफावत दीडशे कोटींच्या आसपास होती. गिऱ्हाईक स्वतः पिशवी घेऊन येतं तोवर किराणा परवडतो. माल घरी पोचवायला गेलं की साडेचार रुपये पेट्रोलमध्येच जातात. गल्लीतला दुकानदार दोन घरं पलीकडे पोऱ्याकरवी तेलाचा डबा धाडतो, ते अंतर कमी असतं म्हणून त्याला झेपतं.

त्यात दहा-पंधरा मिनिटांत सामान पोचवणारे ब्लिंकिट, झेप्टो मोठ्या शहरांतलं गिऱ्हाईक ओढताहेत. परिणाम आकड्यांत दिसतो: 2024-25 मध्ये विक्री सुमारे 17 टक्क्यांनी वाढली, नफा मात्र सात टक्क्यांच्या आतच वाढला. शंभरातले पाच होते, त्याचे 4 रुपये 60 पैसे झाले.

तेव्हा पुढच्या ताळेबंदात दुकानांची संख्या मोजण्यात अर्थ नाही; ती वाढणारच. चौरस फुटामागची विक्री टिकते का, घरपोच धंद्याचा तोटा आटोक्यात येतो का आणि जमिनीत घातलेल्या पैशावर तेरा टक्के तरी सुटतात का, हे तीन आकडे पाहावेत. जुन्या जालन्यातल्या दुकानदारानेही या दिवाळीला नव्या वहीत भाड्याची एक ओळ घालून पाहावी. मोठ्या कंपनीशी झुंजायला आपल्याकडे खरोखर किती बळ आहे, ते त्या ओळीखालच्या बेरजेतच कळेल.