शिंगराला वेळ द्यावा लागतो : ड्रेसाजचा घोडा घडतो कसा?

२६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक जिंकले. त्या चमूत मुंबईचा हृदय छेडाही होता. स्वारांचे कौतुक झाले, ते योग्यच होते. परंतु या खेळाचा निम्मा खेळाडू असलेला घोडा कसा घडतो, याविषयी आपल्याकडे फारशी माहिती नसते. मुलांच्या हौसेखातर तरुण घोडा विकत घेण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी तरी ती करून घ्यायला हवी.

ड्रेसाजमध्ये प्रामुख्याने वॉर्मब्लड घोडे दिसतात. या नावाचा रक्ताच्या तापमानाशी संबंध नाही. अवजड गाडे ओढणारे शांत घोडे ते कोल्डब्लड, अरबी व थरोब्रेड हे तापट, चपळ घोडे ते हॉटब्लड आणि या दोहोंच्या मधले ते वॉर्मब्लड. त्यांतील हॅनोव्हेरियन जातीचा इतिहास जर्मनीतील त्सेले या गावाशी जोडलेला आहे. ग्रेट ब्रिटनचा राजा आणि हॅनोव्हरचा इलेक्टर दुसरा जॉर्ज याने १७३५ मध्ये तेथे सरकारी अश्वपैदास केंद्र स्थापन केले. शेतीला आणि सैन्याला उपयोगी पडणारा हा घोडा यंत्रयुगात निरुपयोगी ठरला असता, पण पैदासकारांनी त्याला क्रीडेकडे वळवले.

पैदाशीत नावाजलेल्या वळूची चर्चा अधिक होते. जाणकार मात्र आधी घोडी पाहतात, कारण शिंगराला निम्मा वारसा तिचा मिळतो आणि पहिले संस्कारही तिच्याच सहवासात होतात. संकरापूर्वी दोघांची जनुकीय तपासणी आवश्यक असते. ‘फ्रॅजाइल फोल सिंड्रोम’ या विकाराचे जनुक दोघांतही सुप्त असेल, तर दर वेळी बाधित शिंगरू होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा शिंगराची त्वचा व सांधे इतके दुबळे असतात की ते जगत नाही.

सुमारे अकरा महिन्यांनी घोडी विते. शिंगरू साधारण तासाभरात उभे राहावे आणि दोन तासांच्या आत दूध पिऊ लागावे, अशी अपेक्षा असते. गर्भात असताना आईकडून त्याला प्रतिपिंडे जवळजवळ मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात आणि आतड्याची ती शोषून घेण्याची क्षमता दिवसभरात संपते.

सहा महिन्यांच्या सुमारास दूध तोडले की समवयस्क शिंगरांबरोबर मोकळ्या कुरणात वाढणे उत्तम. तेथे पळताना हाडे व स्नायुबंध बळकट होतात आणि कळपातील शिस्तही अंगी बाणते. फार पौष्टिक खुराक देऊन वाढीची घाई केल्यास सांध्यांतील कूर्चा बिघडण्याचा धोका वाढतो. या काळात माणसाने शिकवायचे ते एवढेच : दोरीने शांतपणे चालणे आणि खूर उचलू देणे.

तिसऱ्या वर्षी खोगीर चढते आणि खरी कसोटी लागते, ती मालकाची. पायाच्या खालच्या भागातील हाडांची वाढ लवकर पूर्ण होते. पाठीचे मणके मात्र पाच-सहा वर्षांपर्यंत पक्के होत नाहीत, आणि स्वाराचा भार पाठीवरच पडतो. बाजाराला चार वर्षांच्या घोड्याची उंच पाय टाकणारी दुडकी भुरळ घालते. परंतु दुडकी प्रशिक्षणाने पुष्कळ सुधारता येते, साधी चाल फारशी सुधारत नाही. उलट घाईने ती बिघडू शकते. म्हणूनच जर्मन प्रशिक्षणक्रमाची सुरुवात लयीपासून होते, नंतर शरीराची सैलता साधली जाते आणि शरीर आवरून चालण्याची पायरी सर्वांत शेवटी येते. ऑलिम्पिक ड्रेसाजसाठीही घोडा किमान आठ वर्षांचा असावा लागतो.

संकरापासून मोजले तर ही जवळपास नऊ वर्षांची गुंतवणूक आहे. म्हणून घोडा घेताना दुडकीवर भाळू नये. त्याची साधी चाल मोकळी आहे का, तो कळपात वाढला का आणि खोगीर केव्हा चढले, हे विचारावे. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या पशुवैद्याकडून सांध्यांची क्ष-किरण तपासणीही करून घ्यावी. चौथ्या वर्षी वाचवलेला वेळ पुष्कळदा दहाव्या वर्षी लंगडेपणाच्या रूपाने फेडावा लागतो, आणि ती किंमत मालकाआधी घोडा मोजतो.