‘सूडो’ : अधिकार आणि नोंद



लिनक्सवर काम करताना कधी कधी ‘परवानगी नाही’ असा संदेश येतो. हा संगणकाचा हट्ट नव्हे, शिस्त आहे. युनिक्स पद्धतीच्या प्रणालीत ‘रूट’ हा सर्वाधिकारी. तो कोणतीही फाइल बदलू किंवा पुसू शकतो. म्हणून रोजचे काम साध्या खात्यातूनच करावे.

गरज पडल्यास आज्ञेआधी ‘सूडो’ लिहावे. संगणक सहसा तुमचाच पासवर्ड विचारतो, परवानगीच्या यादीत तुमचे नाव पाहतो, तेवढी आज्ञा रूटच्या अधिकाराने चालवतो आणि नोंद ठेवतो. आपल्या राजवाड्यासारख्या मोठ्या वास्तूत किल्ल्यांचा सगळा जुडगा कोणाच्या हाती न देता, हव्या त्या खोलीची किल्ली वहीत सही घेऊन द्यावी, तसेच हे.

ही सोय १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी तयार केली. मात्र पहारेकरीही चुकतो. २०११ पासून सूडोत लपलेला एक दोष क्वालिस कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये उघड केला. त्यामुळे यादीत नाव नसलेलाही रूट होऊ शकत होता! म्हणून प्रणाली अद्ययावत ठेवावी.

आणि कोणी सांगितलेली सूडो आज्ञा अर्थ समजल्याशिवाय टाइप करू नये. अधिकार मिळाला की जबाबदारीही आपलीच.