तीन सत्त्या आल्यावर

सकाळी 11. पणजीतल्या भाड्याच्या खोलीत माझा दिवस उशिराच उजाडतो. चहा-पोहे झाले की वही उघडतो. काल रात्रीचे पोकरचे मोठे डाव आठवून लिहायचे: कुणापुढे किती चिप्स होत्या, मध्ये किती जमले होते, कोण कितीवर पत्ते टाकून मोकळा झाला. पूर्वी चंद्रपूरला घरी बसून स्क्रीनवर खेळायचो. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीतच. 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये तोही रद्द झाला. म्हणून गोवा.

दुपारी 1. मूल गावाहून मामेभावाचा फोन. पोळ्याला घरच्या तीन पत्तीत त्याला तीन एक्के आले होते, ती गोष्ट अजून संपलेली नाही. "दादा, तुमच्या पोकरातही असंच चूप राहा लागते ना?"

हा प्रश्न आमच्याकडच्या प्रत्येकाला पडतो, आणि त्याचं उत्तर मी जीव तोडून देतो. तीन पत्तीत खेळात राहायचं तर प्रत्येकाला चाल द्यावीच लागते. आपण गप्प राहिलो तरी पैसे आपोआप साचत जातात, आणि चालही फार तर दुप्पट करता येते. पोकरमध्ये चेक, म्हणजे काही न लावता पाळी पुढे देणं, फुकट आहे. दोघांनी चेक केलं की मध्ये एक रुपयाही वाढत नाही. शिवाय नो-लिमिटमध्ये समोर असलेले सगळेच्या सगळे एकदम लावता येतात. त्यामुळे भारी पत्ते दडवून बसणारा तीन पत्तीत शहाणा ठरतो, पोकरमध्ये उपाशी राहतो.

संध्याकाळी 7. हलकं जेवण, मग जेटीवरून होडीने मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर. 100-200 च्या टेबलावर (पत्ते बघण्याआधी दोघांना सक्तीने लावावे लागणारे स्मॉल आणि बिग ब्लाइंड) मी वीस हजारांच्या खाली बसत नाही. आठ हजार घेऊन बसलेल्याला कितीही सुंदर पत्ते आले तरी एका माणसाकडून त्याला आठ हजारच मिळणार. चिप्स कमी झाल्या की लगेच भर घालतो.

रात्री 9.30. इस्पिक आणि चौकट, दोन सत्त्या. मी 700 केले. स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले, बिग ब्लाइंडवरच्या गृहस्थांनी कॉल केला, म्हणजे तेवढेच लावले. मध्ये 1,500, दोघांपुढे 19,500. फ्लॉप, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन उघडे पत्ते, आला: बदाम राजा, किलवर सत्ती, बदाम चौकी. त्यांनी चेक केलं.

आता गणित. उरलेल्या तिन्ही फेऱ्यांत अर्धा पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्याच्या निम्मे, लावला तर 750, 1,500, 3,000, मिळून 5,250. पूर्ण पॉट लावला तर 1,500, 4,500, 13,500. मिळून बरोबर 19,500, म्हणजे समोरचं सगळं. पहिल्या फेरीत फरक जेमतेम साडेसातशेचा दिसतो, पण पुढची प्रत्येक रक्कम वाढलेल्या पॉटवर ठरते. बरेच जण पहिल्या फेरीत गप्प राहून शेवटी मोठी लावू म्हणतात. तोवर पॉट एवढासाच असतो आणि त्यात अचानक आलेली मोठी रक्कम कुणालाही खटकते. शिवाय हातात दोन बदाम असलेल्याला टेबलावरचा तिसरा बदाम फुकट बघायला मिळतो.

मी 1,500 लावले. कॉल. चौथा पत्ता इस्पिक दुर्री आली, मी 4,500 लावले. ते चिप्स बोटांत खेळवत बराच वेळ राजाकडे बघत राहिले, मग कॉल. शेवटी चौकट दश्शी. या पत्त्यांवर मला फक्त तीन राजे किंवा तीन दश्श्या हरवू शकतात, आणि राजांच्या जोडीने सुरुवातीलाच रक्कम वाढवली असती. 5,000 लावले तर दहापैकी आठदा कॉल येईल असं धरू, मिळाले 40,000. 13,500 वर दहापैकी चारदाच आला तरी 54,000. सहा वेळा समोरचा निसटल्याची चुटपुट लागते खरी, पण ती खिशातून जात नाही. मी सगळे पुढे सरकवले. त्यांनी कॉल करून राजा-राणी दाखवली.

रात्री 12. एक्क्यांची जोडी, फ्लॉपवर एक्का आणि दोन अठ्ठ्या. फुल हाउस. इथे पूर्ण पॉट लावणं म्हणजे गिऱ्हाईक हाकलणं. चारपैकी तीन एक्के माझ्याचकडे. समोरच्याने कॉल करायचा तो कशाच्या जिवावर? 2,400 च्या पॉटमध्ये 800, मग 1,200, मग 2,000. नव्वीची जोडी शेवटपर्यंत आली. किती लावायचे हे माझ्या पत्त्यांच्या थाटावर मी ठरवत नाही. समोरच्याकडे काय असू शकतं आणि ते सोडायला त्याला किती जड जाईल, तेवढंच बघतो.

पहाटे 3. खोलीवर. झोपण्याआधी वहीत नवी पानं: बिग ब्लाइंडवाल्या गृहस्थांच्या नावापुढे "राजा सोडत नाहीत, तिन्ही वेळा पूर्ण पॉट", नव्वीवाल्यापुढे "लहान रकमेला नाही म्हणत नाही. शेवटी 2,600 चालले असते का, उद्या बघणे."