मंडईला जायचंय, म्हणून लेकराला जागं ठेवायचं?

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यात मंडईचे दिवस येतात. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. दुपारी बाजार भरतो, गोवारी नाचतात, लेकी-जावई येतात आणि रात्री झाडीपट्टीच्या नाटकाचा पडदा उघडतो, तो पहाटेपर्यंत. बिरसीसारख्या गावात त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि घरातलं दीड-दोन वर्षांचं लेकरू या कडेवरून त्या कडेवर फिरत असतं. एक वाजतो, लेकरू डोळे चोळायला लागतं. आई साडीची झोळी बांधायला घेते, तेवढ्यात कोणीतरी हटकतंच, “आता निजवू नको त्याला. मग राती निजत नाही.”

सांगणाऱ्याच्या मनात लेकराबद्दल मायाच असते. पण मंडई असो, लग्न असो की नागपूरची गाडी पकडायची असो, हा एकच सल्ला इतक्या घरांत इतक्या ठामपणे दिला जातो की तो एकदा नीट तपासून पाहायलाच हवा.

आधी त्यातलं खरं काय ते बघू. दुपारची झोप रात्रीची झोप पुढे ढकलते, हे पूर्ण खोटं नाही. २०१५ साली कॅरन थॉर्प आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवरील उपलब्ध संशोधनाचा एकत्र आढावा घेतला. वयाची दोन वर्षं ओलांडल्यावर दिवसा झोपणारी मुलं रात्री उशिरा झोपतात आणि रात्री थोडं कमी झोपतात, असं त्यात दिसलं. म्हणजे तीन वर्षांचं पोर संध्याकाळी पाचला झोपून साडेसहाला उठलं आणि रात्री अकरापर्यंत अंगणात बागडत राहिलं, तर आजीची तक्रार रास्त आहे.

गैरसमज याच्या पुढे सुरू होतो. दुपारची झोप काढून घेतली की ती सगळी रात्री भरून निघते, असं धरलं जातं. तसं होत नाही. का होत नाही, हे समजायला गोंदियाच्या माणसाला लांब जायला नको, कारण हा तलावांचा जिल्हा आहे. झोपेच्या अभ्यासात अलेक्झांडर बोरबेली या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये मांडलेली एक कल्पना आजही पायाभूत मानतात. जागेपणी शरीरात झोपेची ओढ साठत जाते आणि झोपेत ती ओसरते. शिवाय दिवस-रात्रीचं आतलं घड्याळ वेगळं चालू असतं. मोठ्या माणसाचा तलाव भरायला सबंध दिवस लागतो. दीड वर्षाच्या लेकराची बोडी, म्हणजे छोटं तळं, मात्र दुपारीच काठोकाठ भरते. ती रिकामी होऊ दिली नाही तर पाणी बांधावरून वाहू लागतं. चिडचिड, अंग टाकून रडणं, हातातलं फेकणं, आईशिवाय कोणाकडेच न जाणं हे सगळं ते वाहणारं पाणी. मोठे याला हट्ट म्हणतात. कोणी “नजर लागली” म्हणून मीठ-मोहरी उतरवतं. लेकरू फक्त झोपेला आलेलं असतं.

याचं मोजमापही झालेलं आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी अडीच ते तीन वर्षांच्या मुलांची एकाच दिवसाची, साधारण दीड तासाची झोप चुकवली आणि त्यांना चित्रांची कोडी सोडवायला दिली. २०१२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुटणारं कोडं सुटल्यावर होणारा आनंद ३४ टक्क्यांनी कमी झाला होता, आणि न सुटणाऱ्या कोड्यावरचा वैताग ३१ टक्क्यांनी वाढला होता. मुलं अवघी दहा होती, तेव्हा आकडा दगडावरची रेघ मानू नये. पण दुपार चुकलेलं लेकरू ज्यांनी लग्नमंडपात सांभाळलंय, त्यांना यात नवल वाटणार नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा २०१३ चा अभ्यास आणखी विचार करायला लावणारा आहे. अंगणवाडीच्या वयाच्या मुलांना सकाळी चित्रांच्या जागा लक्षात ठेवायला दिल्या. दुपारी झोपलेल्या मुलांना त्या जास्त आठवल्या. न झोपलेल्यांचं जे विसरलं गेलं, ते रात्रीच्या झोपेनेही परत आलं नाही. रोज दुपारी झोपणाऱ्या मुलांत हा फरक सगळ्यात ठळक होता.

आता हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेलं प्रमाण असं: एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसा-रात्री मिळून ११ ते १४ तास झोप, तीन-चार वर्षांच्यांना १० ते १३ तास. दिवसाची झोप यात धरलेली आहे, ती वरकड नाही. बिरसीतलं दोन वर्षांचं लेकरू रात्री नऊला झोपलं आणि सकाळी सहाला घर जागं झाल्यावर उठलं, तर झाले नऊ तास. उरलेले दोन दुपारचेच. मंडईच्या रात्री ते अकराला आडवं होतं आणि सकाळी पाहुण्यांच्या गडबडीत सहालाच उठतं. त्या दिवशी दुपारही काढून घेतली, तर त्याच्या पदरात सात तास पडले.

सगळ्यात खटकते ती सल्ल्याची वेळ. दुपार चुकली की लेकरू संध्याकाळी लवकर कोसळतं, एवढाच या युक्तीचा उपयोग. मग ज्या दिवशी त्याला रात्री दहापर्यंत माणसांत हसतं-खेळतं ठेवायचंय, नेमक्या त्याच दिवशी ती का वापरायची? घरी लवकर दिवा मालवायचा असेल त्या दिवशी ती निदान समजण्यासारखी आहे. मंडईच्या दिवशी दुपारची झोप राखायला हवी, आणि जमलं तर नेहमीपेक्षा थोडी आधी सुरू करायला हवी. साडेबाराला झोळीत, अडीच-तीनला बाहेर. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं लेकरू धड शुद्धीवर नसतं. तेवढा वेळ त्याला मांडीवर घ्यावं, पाणी पाजावं, मग नवे कपडे. झोळीतून काढून थेट ढोलाच्या आवाजात नेलेलं लेकरू रडणारच. आणि रात्री नाटकाला सगळ्यांनीच जायला हवं असं नाही. घरात एखादं माणूस आनंदाने मागे राहतं, त्याला आधीच विचारून ठेवावं.

वडीलधाऱ्यांना परदेशी अभ्यास पटत नसतील, तर चरकसंहिता पटेल. “दिवसा झोपल्याने कफ होतो” हे आयुर्वेदाच्या नावाने सांगितलं जातं, आणि मोठ्या माणसांबद्दल ग्रंथात तसं आहेही. पण सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात, जिथे दिवसाची झोप निषिद्ध सांगितली आहे, तिथेच ती कोणाला चालते याची यादीही आहे. त्या यादीत म्हातारी माणसं, अशक्त, वाटचालीने थकलेले यांच्याबरोबर बालकं स्पष्ट लिहिलेली आहेत. उन्हाळ्यात तर, रात्र लहान असते म्हणून, सगळ्यांनाच मुभा आहे. मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास तापणाऱ्या गोंदियात हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“झोपायला घर अगदी शांत हवं.” बिरसीत हे कोणाच्याच नशिबी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या इथल्या धावपट्टीवरून आज वैमानिक घडवणाऱ्या संस्थेची विमानं घिरट्या घालतात, आणि लेकरं झोपतात; रोजच्या ओळखीच्या आवाजाला ती सरावतात. दारासमोर अचानक सुरू होणारा डीजे ही वेगळी गोष्ट.

“दोन वर्षांचं झालं, आता दुपारची सवय मोडा.” जगभरच्या अभ्यासांचा २०२० चा एकत्रित आढावा सांगतो की दोन वर्षांआधी दिवसाची झोप पूर्ण सोडणारी मुलं अडीच टक्क्यांहूनही कमी असतात, आणि पाच वर्षांपर्यंत ९४ टक्के मुलं ती आपणहून सोडतात. मोडावी लागत नाही.

“पुस्तकात लिहिलंय, सातला झोपवा.” सतरा देश-प्रदेशांतल्या २९ हजारांवर मुलांच्या २०१० च्या पाहणीत, ज्यात भारतही होता, न्यूझीलंडची मुलं साडेसातच्या सुमाराला झोपत होती आणि हाँगकाँगची सव्वादहाला. आशियातली मुलं एकूणच उशिरा आणि कमी झोपत होती. ज्या घरात जेवणंच नऊला होतात, तिथे दुपारच्या झोपेला हात लावणं जास्त महाग पडतं.

“प्रवासात झोपावं म्हणून सर्दीच्या औषधाचा चमचा द्या.” हे कधीही नको. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा लेबलवर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. २०२५ मध्ये छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या विषारी औषधाने दगावली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. ही दूरची बातमी नाही.

आणि “गाडीवर छान झोप लागते.” लागते, हेच भीतीचं कारण आहे. संध्याकाळी परतीच्या वाटेवर पेट्रोलच्या टाकीवर बसवलेलं, मान टाकलेलं लेकरू या रस्त्यांवर नेहमी दिसतं. झोपलेल्या मुलाची पकड सुटते, मान सैल पडते, आणि एका हाताने त्याला सावरणारा बाप दुसऱ्या हाताने हँडल धरून असतो. केंद्राच्या मोटार वाहन नियमांत फेब्रुवारी २०२२ मध्ये बदल झाला आणि वर्षभराने तो लागू झाला. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. पट्टा नसेल आणि लेकरू पेंगायला लागलं असेल, तर मंडईतून परतताना ऑटो करावा, नाहीतर त्या गावच्या मावशीकडेच त्याला आईसह रात्रभर राहू द्यावं. मंडईच्या रात्री बिछाने तसेही जास्तीचे घातलेले असतात.