अदृश्य घटकाचा शोध : एका युद्धखेळातील अदर्शनविचार

‘दिसत नाही’ या प्रयोगात दोन भिन्न अवस्था सामावलेल्या असतात. पाहणारा तेथवर पोचलेला नसल्यामुळे वस्तू दिसत नाही, ही एक; पाहणारा समोर असूनही ती दिसत नाही, ही दुसरी. ‘ब्लिझार्ड एंटरटेनमेंट’ या अमेरिकन कंपनीने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘वॉरक्राफ्ट ३’ या संगणकावरील अद्भुतरम्य युद्धखेळात हा भेद नियमबद्ध झालेला आढळतो. आपल्या सैन्याच्या दृष्टिक्षेत्रापलीकडील प्रदेश तेथे धूसर असतो. कोणताही सैनिक पाठविला असता ते अदर्शन संपते. अदृश्य शत्रूच्या बाबतीत मात्र सान्निध्य पुरेसे होत नाही. त्यासाठी निराळी दर्शनशक्ती लागते.

या खेळातील अदृश्यता क्वचितच निरुपाधिक असते. ‘शेड’ हा छायारूप हेर स्वभावतःच अदृश्य असतो. परंतु त्याला प्रहार करता येत नाही. ‘नाइट एल्फ’ वंशातील स्त्रीयोद्ध्या केवळ रात्री, आणि त्याही निश्चल असतानाच, अदृश्य होतात. ‘ब्लेडमास्टर’ हा वीर ‘विंड वॉक’ या विद्येने अदृश्य होऊन वेगाने संचार करतो. वार करताच तो प्रकट होतो. ‘सॉर्सरेस’ आपल्या पक्षातील दुसऱ्या घटकास मंत्राने अदृश्य करते. त्यानेही आघात केला की मंत्राचा प्रभाव सरतो. सारांश, लपणाऱ्यास कोणती ना कोणती क्रिया सोडावी लागते.

शोधाच्या साधनांचेही तीन वर्ग करता येतात. काही साधने धारकाबरोबर फिरतात : ‘जेम ऑफ ट्रू सीइंग’ हे रत्न, मानवपक्षाचे उडते यंत्र, किंवा स्वतः ‘शेड’. काही स्थानबद्ध असतात : ‘विच डॉक्टर’ने रोवलेला ‘सेंट्री वॉर्ड’ अथवा ‘मॅजिक सेंट्री’ ही सुधारणा केलेले मानवी बुरूज. काही अल्पकालिक असतात : नायकाभोवती उधळलेली ‘डस्ट ऑफ अपिअरन्स’ ही पूड, किंवा ‘फार सीअर’ची दूरदृष्टी. यांतील बहुतेक साधनांनी शत्रूची अदृश्यता नष्ट होत नाही; पाहणाऱ्याची शक्ती तेवढी वाढते. म्हणून उडते यंत्र पाडले गेले, आणि दुसरे साधन जवळ नसले, की समोरचा शत्रू पुन्हा नाहीसा होतो. अनुभवी खेळाडू प्रथम शोधसाधनावरच हल्ला करतो, याचे कारण हेच.

साधन नसले तरी अनुमान उरते. एखाद्या घटकास लक्ष्य करावयाचे तर तो दिसावा लागतो. परंतु ‘आर्चमेज’चा ‘ब्लिझार्ड’ हा हिमवर्षाव व्यक्तीवर नव्हे, जागेवर पडतो आणि तेथील अदृश्य शत्रूसही इजा करतो. शत्रू कोठे लुप्त झाला व किती वेगाने जाऊ शकतो, यावरून ती जागा ताडावी लागते.

भाषेच्या अभ्यासकास ही परिस्थिती परिचित वाटेल. पाणिनीने लोपाची व्याख्या अभाव अशी न करता अदर्शन अशी केली, आणि प्रत्यय लुप्त झाला तरी त्याच्यामुळे होणारे कार्य टिकते, असेही सांगितले. ‘अग्निचित्’ या शब्दात ‘क्विप्’ प्रत्यय समूळ लुप्त होतो; त्याच्या निमित्ताने आलेला तकार मात्र उरतो. मराठीत ‘दगड पडला’ आणि ‘दगड पडले’ या वाक्यांत नामाचे रूप एकच आहे. वचन क्रियापदावरून कळते. येथे क्रियापद हेच शोधसाधन होय.

मात्र या साम्यातून एक मर्यादाही स्पष्ट होते. नियमानुसार तेथे शत्रू असल्याचा पुरावा नसताना रिकाम्या जागेवर मंत्र टाकणारा खेळाडू आपली शक्ती व्यर्थ दवडतो. त्याचप्रमाणे, ज्याचे कार्य अन्यत्र कोठेही दाखविता येत नाही, असा शून्य प्रत्यय कल्पिणे म्हणजे विश्लेषण नव्हे. रूपावलीतील रिकामी जागा भरण्यापूर्वी त्या शून्याचा परिणाम वाक्यात कोठे उमटला आहे, हे अभ्यासकाने दाखविले पाहिजे.